हान्दोआ देस

इनोकेची गाडी लांबून दिसली की कोरोवूच्या बाजारातल्या कोंबड्या पटापट रस्त्याच्या उजव्या अंगाला जमायच्या. ब्रेक दाबला की ही गाडी डावीकडे ओढते, हे ज्ञान त्यांना दोन-तीन बहिणी गमावून मिळालं होतं. माणसांना समजायला जरा जास्त वेळ लागला.

गाडी पांढरी, आठ जणांची, सरकत्या दाराची. जपानात कुणीतरी वापरून वापरून कंटाळला, तेव्हा बोटीत बसून फिजीला आलेली. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर.

"बासष्ट हजार अगदी बरोबर आहे," आपोरोसा मेकॅनिक म्हणायचा. "फक्त कितव्यांदा, ते विचार."

याच गाडीतून इनोके रोज सकाळी नामुआ गावच्या बायकांना दालोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, आणि कसाव्याच्या पोत्यांसकट नौसोरीच्या बाजारात सोडायचा आणि दुपारी परत आणायचा. आठ जणांच्या गाडीत तेरा बायका, वर बुबू वासेमाथा, म्हणजे सगळ्यांची आजी. बुबू ऐंशीची होती, म्हणून तिला मोजत नसत. या फेऱ्यांवर इनोकेचं घर चालायचं आणि फेऱ्यांमधल्या वेळात गाडी चालायची, म्हणजे दुरुस्तीला जायची.

पहिल्याच वर्षी रेडिएटर गळायला लागला. नवा घालायचा तर साडेतीनशे डॉलर. इनोकेने रेडिएटरऐवजी पाणी घालायला सुरुवात केली. वाटेतल्या प्रत्येक ओढ्यावर गाडी थांबायची. त्या उन्हाळ्यात वाइदालिथे नदीची पातळी अशी काही उतरली, की सुवाहून सरकारी माणसं काठ्या घेऊन मोजायला आली. एकदा जवळ पाणी नव्हतं म्हणून इनोकेने आठ शहाळी फोडून ओतली, तर पुढे महिनाभर बॉनेट उघडलं की खीर उकळल्यासारखा वास यायचा. बुबू एकदा वाटी घेऊनच आली होती.

मग पाण्याचा पंप गेला. दोनशे चाळीस. मग इंजिनाची माउंटिंग बसली आणि गिअर वीस-तीसच्या वेगात थरथरायला लागला. कोरोवूला कॅनमध्ये भरलेलं ताजं दूध नौसोरीला लोणी होऊन उतरायचं. डेअरीवाल्याने दोन वेळा चौकशी केली, गाडी भाड्याने मिळेल का. मागच्या चाकाचं बेअरिंग मात्र गावाने प्रेमाने सांभाळलं होतं. ते असं एका सुरात घुमायचं, की बायका त्याच्यावर सूर लावून चर्चची गाणी म्हणायच्या. शेवटी एकशे साठ डॉलर मोडून ते बदललं, आणि त्या रविवारी सगळा गानवृंद बेसूर झाला. तालातलांनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, इनोकेकडे फार वेळ पाहिलं.

सांगायचं राहिलं ते सरकतं दार. त्याचा खालचा रोलर झिजला होता. ओढलं की दार लागल्यासारखं दिसायचं, पण कडीत नखभरच अडकायचं.

"रोलरचा सेट दोनशे ऐंशी," आपोरोसा म्हणाला.

"उघडतं ना? लागतं ना?" इनोके म्हणाला. "मग दोनशे ऐंशी डॉलर कशाचे? दाराला पगार द्यायचाय का?"

आणि त्याने निळ्या नायलॉनच्या दोरीने दाराची मूठ सीटच्या दांड्याला बांधून टाकली.

आता या आपोरोसाचं आणि इनोकेचं नातं सांगायला हवं. आपोरोसा वाइलेवा गावचा. नामुआ आणि वाइलेवा ही गावं एकमेकांची तौवू. दोन्हीकडचा मूळपुरुष एकच आणि तो अट्टल डुक्करचोर, असं दोन्ही गावं अभिमानाने सांगतात, फक्त तो आधी कुणाचं डुक्कर घेऊन पळाला यावर अजून एकमत नाही. तौवू माणसं एकमेकांना 'ताउ' म्हणून हाक मारतात. ताउने ताउला तोंडाला येईल ते बोलावं, त्याच्या घरातली आवडेल ती वस्तू उचलावी, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागवला तो हरला. त्यामुळे आपोरोसा मजुरी कधीच घेत नसे. सामानाचे पैसे घ्यायचा आणि गाडीतलं काहीतरी उचलायचा. चारही चाकांच्या टोप्या, मधला आरसा, रेडिओ, पायपुसणी, सगळं एकेक करून त्याच्या घरी गेलं होतं. इनोकेनेही त्याचा कोंबडा, दोन सुलु, म्हणजे लुंग्या, आणि खिडकीचा पडदा आणला होता. पडदा गाडीच्या मागच्या काचेला छान दिसायचा.

आणि गाडीत एक बाई होती. म्हणजे दिसत नव्हती, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी होती. गाडी सुरू केली की ती मधाळ आवाजात म्हणायची, "हान्दोआ देस."

गाडी घेताना इनोकेने विकणाऱ्याला विचारलं होतं, "ही काय म्हणते?"

विकणाऱ्याला जपानी येत नव्हतं, पण धंदा येत होता. तो म्हणाला, "म्हणते, सगळं ठीक आहे, सुखाने जा."

झालं. रोज सकाळी बाई म्हणायची "हान्दोआ देस," आणि चौदा जणी एका सुरात तिचे आभार मानायच्या, "विनाका!" हळूहळू तो शब्द गाडीतून उतरून गावात हिंडायला लागला. पोरं शाळेला निघाली की आया दारातून ओरडायच्या, "हान्दोआ!" लेबनॉनला शांतिसेनेत निघालेल्या जवानाला साऱ्या गावाने हान्दोआ दिलं. पाद्रीबाबांनी एकदा प्रवचनाच्या शेवटी दोन्ही हात वर करून "हान्दोआ" म्हटलं, आणि त्यांना स्वतःलाच कळलं नाही आपण आमेन म्हणायला विसरलो ते.

असं सगळं सुखात चाललेलं असताना ऑकलंडहून फोन आला.

इनोकेच्या सासूबाई, मेरेओनी, अकरा वर्षांनी घरी येत होत्या. ऑकलंडला त्या म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात सेवेला होत्या आणि गाडीचे पैसे त्यांनीच पाठवले होते. लोसालिनीने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आई म्हणते, शनिवारी आपल्या गाडीतूनच मला न्यायला या."

"बरं."

"म्हणते, गाडी नीट ठेवली असेल तर राहू दे त्याच्याकडे. नाहीतर सुवाच्या माचूला देऊन टाकीन."

माचू हा लोसालिनीचा भाऊ. त्याच्याकडे आधीच तीन गाड्या होत्या आणि तिन्ही तो दर रविवारी धुवायचा. इनोकेने आपली गाडी धुतल्याला किती दिवस झाले, ते चिखलाचे थर मोजून सांगता आलं असतं.

"तू काही बोलली नाहीस ना गाडीबद्दल?" त्याने विचारलं.

"मी? मी कशाला बोलू?" असं म्हणत लोसालिनी कपडे वाळत घालायला गेली. कपडे सकाळीच वाळत घातले होते, हे त्या वेळी इनोकेच्या लक्षात आलं नाही.

दुसरा कुठला जावई असता तर विमानतळावरच सासूचे हात धरून चार गोड शब्दांत सांभाळून घेता आलं असतं. पण इथे जावई सासूशी बोलत नाही. सासू जावयाशी बोलत नाही. समोरासमोर आले तर दोघंही जमिनीकडे बघतात, आणि काही सांगायचं झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दोघांत एक शब्द नाही. खरं तर मेरेओनी जन्माने वाइलेवाच्या, आपोरोसाच्या सख्ख्या आत्या. म्हणजे हिशेबाने इनोकेच्या ताउच. पण मुलगी दिली त्या दिवसापासून सासूपणाने ताउपण गिळून टाकलं होतं.

शनिवारी इनोकेने गाडी धुतली. धुतल्यावर ती आधीपेक्षा जुनी दिसायला लागली, कारण चिखलाने झाकलेले सगळे पोचे वर आले. वाटेत काही झालंच तर असावा म्हणून त्याने आपोरोसाला अवजारांच्या पेटीसकट मागच्या सीटवर घेतलं.

"येतो की," आपोरोसा म्हणाला. "नेईला, माझ्या आत्याला, माचूच्या गाडीत बसताना बघायचंय मला."

"तोंड बंद ठेव, ताउ. आज एक दिवस."

"माझं ठेवतो. गाडीचं कोण ठेवणार?"

सासूबाई विमानतळाच्या दारातून बाहेर आल्या त्या एक बॅग आणि एक भलं थोरलं, दोरीने करकचून बांधलेलं खोकं ढकलत. रडणं झालं, गालाला गाल लावणं झालं, इनोके सिमेंटकडे बघत उभा राहिला. बुबूने मेरेओनींचा हात हातात घेतला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "हान्दोआ, बाई, हान्दोआ!"

मेरेओनींनी दचकून मागे वळून विमानतळाच्या दाराकडे पाहिलं. ते व्यवस्थित बंद होतं.

गाडीत त्यांना मानाची जागा दिली, सरकत्या दाराशेजारची. ऑकलंडच्या सवयीने त्यांनी पट्टा लावला. त्या गाडीत पट्टा लावणारं पहिलं माणूस तेच, त्यामुळे पट्ट्यातून पालीची दोन अंडी बाहेर आली. खोकं त्यांनी पायाशी, दाराला टेकवून ठेवलं. लोसालिनी त्यांच्या पलीकडे बसली, बुबू पुढे. इनोकेने दार ओढलं, दोरी आवळली, बापाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली! त्याचा जीव भांड्यात पडला.

"हान्दोआ देस," गाडीतली बाई म्हणाली.

"विनाका!" सगळे म्हणाले.

मेरेओनींनी झटकन दाराकडे पाहिलं. "लोसालिनी, ही दाराचं काय म्हणते?"

"दाराचं नाही गं आई. ती म्हणते, सगळं ठीक आहे, सुखाने जा."

"कुणी सांगितलं?"

"ज्याने विकली त्याने."

मेरेओनींनी पट्टा जरा घट्ट केला. आश्रमात सहा वर्षं त्यांनी होशिनो नावाच्या एका जपानी म्हातारीची सेवा केली होती. शेवटी शेवटी म्हातारी इंग्रजी विसरली, म्हणून मेरेओनींनाच जपानी शिकावं लागलं. चहा, पाय दुखतो, आणि दार. म्हातारीला वारा सोसायचा नाही. दिवसातून चाळीस वेळा दार. पण गाडीतले सगळे इतके खात्रीने विनाका म्हणाले होते, की मेरेओनींना वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल.

किंग्ज रोडला लागल्यावर मागून आपोरोसा सुरू झाला. त्याला ठाऊक होतं, सासूसमोर इनोके उलट एक अक्षर बोलू शकत नाही. असा मोका आयुष्यात एकदाच येतो.

"नेई, थरथर लागली तर घाबरू नका हं. गाडी नाचते. पाहुणे आले की फार नाचते."

इनोकेचे कान लाल झाले.

"आणि गरम झालं तर सांगा. गाडीला आधी झालेलं असेल."

"आपोरोसा," लोसालिनी म्हणाली, "तुला चालत यायचंय का?"

"मी चालतच येतोय ना. जरा बसून."

कालव्याजवळच्या वळणावर डुक्कर आडवं आलं. इनोकेने ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली, सगळे एकमेकांवर पडले, दोरी करकरली. आणि बाई एकदम बोलायलाच लागली. "हान्दोआ देस. हान्दोआ देस. हान्दोआ देस."

"बघा," बुबू डोळे पुसत म्हणाली, "आज किती आशीर्वाद देते आहे. पाहुणी घरची आहे हे तिलाही कळलं."

"लोसालिनी," मेरेओनी म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी थांबव."

इनोकेला हे स्पष्ट ऐकू आलं. पण ऐकू आलं असं दाखवायचं नव्हतं. तो निरोपाची वाट बघत गाडी चालवत राहिला.

"इनोके, आई म्हणते गाडी थांबव."

"आईंना सांग, पुढच्या ओढ्यावर थांबणारच आहे. पाणी घालायला."

"आई, तो म्हणतो..."

"पाणी? पाणी कशाला?"

"इनोके, आई विचारते, पाणी कशाला?"

इतक्यात खड्डा आला. निळी दोरी तुटली, दार धाडकन मागे सरकलं, आणि सासूबाईंच्या पायाशेजारचं ते भलं थोरलं खोकं, जणू आपलं गाव आलं असं समजून, शांतपणे गाडीतून उतरलं.

"ताउ!" मेरेओनी कडाडल्या. "ए ताउ! थांब की रे, सडक्या दालोच्या टाळक्याच्या!"

गाडी थांबली. एकोणीस वर्षांतला पहिला शब्द. तोही सासूचा नाही, ताउचा. बुबूने तोंडावर हात ठेवला. इनोके दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. माचू आपली गाडी रविवारी धुतो आहे, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

मागे रस्त्यावर खोकं फुटलं होतं. आपोरोसा उतरला आणि एकेक वस्तू उचलून हात उंच करत ओरडायला लागला. "माउंटिंग! दोन! पाण्याचा पंप, कोरा! अगं बाई, ब्रेकचे पॅड!" आणि मग जरा थांबून, अगदी हळू, "ताउ... रोलर. सरकत्या दाराचा. अख्खा सेट."

ज्या दारातून खोकं पडलं, त्याच दाराचा रोलर त्या खोक्यात होता. इनोकेने बायकोकडे पाहिलं. लोसालिनी बाहेरचा कसावा बघत होती.

मेरेओनी खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून इनोकेच्या खिडकीशी आल्या.

"ऊठ. उतर खाली. आता मी तुझी सासू नाही, समजलं? घरी पोचेपर्यंत मी वाइलेवाची आहे. दर रविवारी लोसालिनी मला फोनवर सांगते, आज पंप गेला, आज चाक रडतंय. आणि तू विकत काय घेतलंस? दोरी! निळी! जपानी बाई बिचारी तीन वर्षं तुला ओरडून सांगते आहे, दार अर्धं उघडं आहे, दार अर्धं उघडं आहे, आणि तू तिला विनाका म्हणतोस?"

"दार?" बुबूने डॅशबोर्डवर हात ठेवला. "नुसतं दार?"

इनोके उतरला. जमिनीकडे बघायची सवय होती, पण आज तो सासूच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिथे राग नव्हता. ओठ आवळलेले होते, पण डोळे सारखे हसू बघत होते. त्याने मनाशी ठरवलं, गाडी जाणारच आहे तर निदान नामुआचं नाव तरी जाऊ नये.

"ताउ," तो म्हणाला. "दाराची चूक नाही. वाइलेवाचं माणूस आत बसलं की सामान आपणहून पळतं. जुनी सवय. डुक्कर पळवल्यापासूनची."

मग मेरेओनींना जे हसू आलं, ते त्यांना आवरेना. त्या गाडीच्या बॉनेटला टेकल्या, चटका बसला, पुन्हा हसल्या. आपोरोसा पंप छातीशी धरून रस्त्यातच बसला.

"बरं," शेवटी डोळे पुसत मेरेओनी म्हणाल्या. "ताउने ताउची वस्तू उचलावी, असा रिवाज आहे ना? मग ही गाडी मी उचलली. आता माझी."

इनोकेचा चेहरा पडला. पण रागवला तो हरला. "घे, ताउ," तो कसाबसा म्हणाला.

"घेतली. आणि माझी गाडी चालवायला मला नामुआचा एक मूर्ख हवाय, ज्याला रोज पाणी घालायची सवय आहे. माचूला नाही जमायचं. त्याला साबण लागतो."

आपोरोसाने तिथेच, कसाव्याच्या बांधाला गाडी लावून तासाभरात रोलर बसवला. दार असं सरकायला लागलं, की जणू लोण्यातून. मजुरी म्हणून त्याने आत्याची ऑकलंडची टोपी उचलली. इनोकेने किल्ली फिरवली. सगळे कान देऊन बसले.

काही नाही. बाई गप्प.

"गेली," बुबू म्हणाली आणि खरोखर रडायला लागली. "अशी गाडी मुकी करून टाकलीत. आता गावाला काय सांगायचं? लेबनॉनच्या पोराला काय सांगायचं?"

"बुबू, ती दाराबद्दल बोलत होती," लोसालिनी म्हणाली.

"कळलं मला. दार अर्धं उघडं आहे, असंच ना?" बुबूने नाक पुसलं. "मग जाणाऱ्याला दुसरं काय सांगायचं असतं? मेरेओनी, तू अकरा वर्षं बाहेर होतीस. तुझ्या घराचं दार कुणी कडी लावून बंद केलं होतं का?"

यावर मेरेओनींनी पुढे वाकून बुबूचा हात धरला. आपोरोसाने टोपी काढून हातात घेतली, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सोमवारी सकाळी तेरा बायका पोती घेऊन गाडीभोवती उभ्या राहिल्या आणि कुणी आत चढेना. मुक्या गाडीतून जायला त्या तयार नव्हत्या. बुबू सगळ्यांत पुढे. इनोकेने डोकं खाजवलं. मग त्याने नव्या रोलरचं दार नखभर उघडं ठेवलं आणि किल्ली फिरवली.

"हान्दोआ देस."

"विनाका!" म्हणून बायका आत चढल्या.

ओट्यावर मेरेओनी चहा पीत होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि आत हाक मारली, "लोसालिनी, तुझ्या नवऱ्याला सांग, दार लाव म्हणावं."

इनोकेनेही जमिनीकडे पाहिलं. "लोसालिनी, आईंना सांग, लावतोय."

त्याने दार ओढलं. ते खट्कन कडीत बसलं, आणि गाडी कोरोवूकडे निघाली. कोंबड्या अजून उजव्याच बाजूला जमल्या होत्या. ब्रेकचे पॅड बसवायचे राहिले होते.